पुढच्या वर्षीची टीम

परत आल्यापासून सोसायटीत जो भेटतो तो एकच विचारतो, कांगारू पाहिलेत का. पाहिले. रस्त्याच्या कडेला चार-पाच उभे होते, आमच्याकडे बघत होते, आणि आम्हाला बघून त्यांना काही विशेष वाटल्याचं दिसलं नाही. ऑपेरा हाउस मात्र पाहिलं नाही, कारण ते सिडनीला आणि मी होते टूवूंबाला. ब्रिस्बेनहून गाडीने दोन तास आत जायचं, डोंगर चढायचा, की वर पठारावर हे गाव लागतं. तिथल्या हॉस्पिटलात माझा मुलगा निनाद भूल देणारा डॉक्टर आहे, सून सायली युनिव्हर्सिटीत शिकवते, आणि नात इरा चौदा वर्षांची आहे. मी तिथे तीन महिने राहिले आणि त्यातला बराचसा ऑस्ट्रेलिया बेसबॉलच्या मैदानाच्या कडेला, घडीच्या खुर्चीत बसून पाहिला. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मी पुण्यात बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिताना चांगल्यातल्या चांगल्या मुलालाही मी ‘प्रगती आहे’ एवढंच लिहायची. ‘उत्तम’ हा शब्द मी एकदाही लिहिलेला नाही. निनाद माझ्याच वर्गात होता, त्यालाही नाही. मुलं डोक्यावर चढतात हे त्याचं सांगण्यासारखं कारण. न सांगण्यासारखं कारण असं, की तोंडावर कौतुक केलं की दृष्ट लागते, हे मला आईने शिकवलं होतं आणि भूमितीच्या सगळ्या प्रमेयांनंतरही ते माझ्या मनातून गेलं नव्हतं.

कापराची झाडं

पहिल्या शनिवारी सकाळी निघालो तेव्हा गाव धुक्यात होतं. टूवूंबा डोंगराच्या अगदी काठावर आहे, आणि काही सकाळी खालच्या दरीतून धुकं वर येऊन रस्त्यारस्त्यात बसून राहतं. मैदानावर पोचलो तर मैदानच नव्हतं. पांढऱ्यातून मुलांचे आवाज येत होते, आणि मध्येच चेंडू चामड्याच्या हातमोज्यात शिरल्याचा टप्पकन आवाज. मग ऊन आलं, आणि गवत, मुलं, कुंपण एकेक करून दिसायला लागलं. कुंपणापलीकडे भली मोठी हिरवीगार झाडं होती. पडलेलं एक पान उचलून चुरगळलं तर कापराचा वास आला. सकाळी आठ वाजता, परक्या देशात, हातात देवघराचा वास घेऊन मी जरा वेळ नुसती उभी राहिले.

“तुझी नात?” शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

हा कॉलिन. वय एकोणऐंशी, जन्म गेला गव्हाचे ट्रक चालवण्यात, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. नातवंडं सगळी पर्थला, पण हा इथल्या क्लबची मुलांची टीम बघायला दर शनिवारी हजर. मी सुनंदा असं नाव सांगितलं. त्याने ते एकदा घोळवून पाहिलं आणि म्हणाला, “सू चालेल?” माझी आई गेल्यापासून मला कुणी एका अक्षरात हाक मारली नव्हती. म्हटलं चालेल.

खेळ त्यानेच समजावला. चेंडू टाकते ती पिचर. बॅटवाल्याने तो तडकावून पहिला कोपरा गाठला तर हिट. मैदानाचे चारही कोपरे फिरून घरी परत आला की एक रन. दोन्ही बाजूंचे सात-सात डाव, तीन बाद झाले की डाव संपला. मला सर्वात खटकलं ते हे, की चेंडू मारला की बॅट तिथेच टाकून पळायचं. आपल्याकडे बॅट अशी मातीत फेकली असती तर मास्तरांनी मैदानाबाहेर काढलं असतं.

“यंदा फायनलला जाणार,” कॉलिन म्हणाला. “एकोणीस वर्षं हा कप पाहिला नाही आम्ही. पण ही पोरं बघ. तो बॅटवाल्यामागे चेंडू झेलायला बसलेला कॅचर टोबी, बारा वर्षांचा असल्यापासून बघतोय. आणि तुझी इरा, आमची पिचर. या गावात मी असा हात पाहिला नाही. पुढच्या वर्षी तर ही टीम काय करेल, कल्पना कर.”

मी काय करावं? मी तेच केलं जे आपल्यातली कुठलीही बाई करेल. घाईघाईने हात हलवला आणि इंग्रजीत म्हटलं, “छे छे, तसं काही नाही हो. अगदी ॲव्हरेज आहे ती. घरी तर आळशी आहे.”

कॉलिन गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. माझ्या पाठीमागे पाण्याची बाटली बंद केल्याचा आवाज झाला. वळून पाहिलं तर इरा मैदानाकडे परत चालली होती.

जेवताना ती म्हणाली, “डॅड, फायनलनंतर मी बेसबॉल सोडतेय.”

निनाद आमटी वाढून घेत होता, त्याचा हात थांबला. “का? अचानक काय झालं?”

“नथिंग. आय ॲम ॲव्हरेज एनीवे.” आणि तिने भाताकडे बघत घास घेतला.

नंतर तिच्या खोलीत जाऊन मी समजवायचा प्रयत्न केला, की अगं, आपल्यात असंच बोलतात, आपल्या माणसाचं कौतुक आपण करायचं नसतं, मनात असतं ते. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “सो मनात काय आहे?” मी तिच्या पांघरुणाची घडी सरळ केली. म्हणाले, “चांगली खेळतेस की.” तिने ‘इट्स फाइन, आजी’ म्हणून हेडफोन लावले.

सायली भांडी मशीनमध्ये लावत होती. “आई, एक सांगू? राग मानू नका,” ती म्हणाली. “इथली मुलं ऐकतात तेवढंच धरतात. न बोललेलं त्यांना ऐकू येत नाही.” राग मानण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणूनच मला फार लागलं.

सूर्यफुलं आणि काळी माती

पुढचे दोन शनिवार आमची टीम जिंकली. कॅन्टीनमध्ये सॉसेज-पावाचा बेत असायचा. मी शाकाहारी म्हटल्यावर तिथल्या बाईने पावात नुसता परतलेला कांदा भरून वर लाल सॉस घातला आणि माझी कीव केली. मला तो फार आवडला. त्या बदल्यात मी पातळ पोह्यांचा चिवडा नेला, तर टोबीने डबा मांडीवर घेतला तो परत दिलाच नाही. मॅगपाय नावाचे काळे-पांढरे पक्षी खुर्चीखालचे शेंगदाणे वेचायचे. त्यांचा आवाज बाटलीत पाणी ओतल्यासारखा. खेळ इतका संथ चालायचा की कधीकधी डोळा लागायचा, आणि जाग आली की तोच पिचर, तोच बॅटवाला, तेच ऊन. मला वाटायचं, मी झोपले तेवढ्यापुरतं हे सगळं थांबून राहिलं होतं.

इरा मात्र माझ्याशी नीट बोलत होती, आणि तेच वाईट होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. “आजी, चहा?” “आजी, ऊन लागतंय का?” एखाद्या पाहुण्या बाईशी बोलावं तसं.

फायनलच्या आदल्या रविवारी कॉलिनने आम्हा दोघींना सूर्यफुलं दाखवायला नेलं. त्याची ती यूट, म्हणजे पुढे तिघांपुरती बैठक आणि मागे उघडा हौदा. इरा मध्ये, मी खिडकीशी. गाव सुटलं आणि पठार पसरत गेलं, आणि माझ्या लक्षात आलं की दोन्ही बाजूंची माती काळी आहे. अकोल्याच्या, माझ्या माहेरच्या, कापसाच्या शेतासारखी काळी. खरोखरच एका ठिकाणी कपाशी उभी होती. एवढा समुद्र ओलांडून आले ती आजोबांच्या शेताच्या बांधावर, असं मला क्षणभर वाटलं, आणि डोळे भरून आले ते मी चष्मा पुसण्याच्या निमित्ताने निस्तरले.

मग सूर्यफुलं आली. टेकडीच्या उतारावरून खाली, खालून पुन्हा वर, जिकडे बघावं तिकडे पिवळं. वारा आला की सगळा उतार एका बाजूला कलायचा आणि सावकाश सरळ व्हायचा. कॉलिन गाडी चालवता चालवता त्याच्या लाडक्या विषयावर आला होता. डॅशबोर्डवरची एक शाळकरी वही त्याने माझ्या मांडीवर टाकली. उघडून पाहिलं तर वर लिहिलं होतं, ‘पुढचं वर्ष’, आणि खाली एक ते नऊ आकडे, समोर मुलांची नावं. अशा जुन्या वह्या घरी अठरा आहेत म्हणाला. दर वर्षी फायनलच्या आधीच तो पुढच्या वर्षीची टीम लिहून ठेवतो.

“हरलात तर?” मी विचारलं.

“हरतोच की. म्हणून तर लिहितो,” तो म्हणाला.

एक नंबरची ओळ, पिचरची, कोरी होती, कारण इरा सोडणार हे एव्हाना क्लबभर झालं होतं. इराने ती पाहिली. कॉलिन म्हणाला, “तिथलं नाव मी खोडलेलं नाही हां. फक्त अजून लिहिलं नाहीये.” इराने वही मिटून डॅशबोर्डवर ठेवली.

तो असाच चौथ्या नंबरवर कोण चांगला यात रंगला असताना गाडी डांबर सोडून शेताच्या कडेच्या वाटेला लागली. आदल्या रात्री पाऊस झाला होता. मी ‘ओल आहे, ओल आहे’ म्हणेपर्यंत मागची दोन्ही चाकं काळ्या मातीत रुतली. काळ्या मातीचा स्वभाव मला ठाऊक. ती एकदा धरते ती सहजी सोडत नाही, आणि चाक फिरवाल तितकं खाली ओढते. कॉलिनला तर माझ्याहून ठाऊक, पन्नास वर्षं इथेच ट्रक चालवलेला माणूस. पण त्या घडीला तो पुढच्या वर्षात होता.

“इंजिन बंद कर,” मी वर्गातल्या आवाजात म्हटलं. हौद्यातली रिकामी पोती काढायला लावली, चाकांपुढे अंथरली, वर सुकं गवत. मी साडी खोचली आणि इराला घेऊन मागून जोर लावला. तिसऱ्या खेपेला गाडी सुटली आणि आम्ही दोघी गुडघ्यापासून चष्म्यापर्यंत काळ्या झालो. इरा माझ्याकडे बघून हसायला लागली ती थांबेचना. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

तोच क्षण होता. मला कळत होतं. कॉलिननेही माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, की सांग आता. मी तिच्या गालावरचा चिखल पुसला आणि म्हटलं, “घरी गेल्यावर आधी केस धू.”

फायनलची दुपार

फायनलला मी एक वही नेली होती. बत्तीस वर्षांची सवय, हाताला काहीतरी हवं. रकाने आखले: डाव, बॅटवाले, बाद, हिट, रन. निनादला सुट्टी मिळाली नव्हती, सायली कॅन्टीनमध्ये चहा देत होती. मी आणि कॉलिन आमच्या जागी.

पहिला डाव झाला, दुसरा झाला. इरा पाय उचलायची, हात मागून यायचा, आणि चेंडू बॅटच्या जरा खालून निघून टोबीच्या हातमोज्यात. टप्प. तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकताना दुपारला एक ठेका आला. ढग आले, गेले. तिसऱ्या डावात आमच्या टोबीने मारलं आणि एक रन झाला. मी रकाने भरत होते. हिटच्या रकान्यात समोरच्या टीमचं शून्य, शून्य, शून्य.

पाचव्या डावापासून मला काहीतरी विचित्र दिसायला लागलं. इरा बाकावर येऊन बसली की आजूबाजूची मुलं उठून लांब सरकायची. टोबीसुद्धा, जो एरवी तिच्या डोक्यावर टोपी उलटी करायचा, तो तिच्याकडे न बघता पाणी प्यायला. कुणी पाठ थोपटेना. आणि कॉलिन, जो प्रत्येक चेंडूला ‘गुड गर्ल, इरा’ म्हणायचा, तो गप्प. मी म्हटलं, “बरी टाकतेय ना?” तर त्याने कापराच्या झाडांकडे बघत विषय बदलला, “पाऊस येईल वाटतं.” आकाश स्वच्छ होतं.

मी मनाशी ठरवून टाकलं. हिने सोडणार म्हटलं म्हणून हे सगळे हिच्यावर रुसले आहेत. पोर एकटी, बाकाच्या टोकाला, मांडीवर हातमोजा घेऊन बसली होती. आणि तिला हे कुणामुळे, तर माझ्यामुळे. मी ॲव्हरेज म्हटलं म्हणून ती सोडणार, ती सोडणार म्हणून हे बोलत नाहीत. मनातल्या मनात मी हे समीकरण चार वेळा मांडलं आणि चारही वेळा उत्तर तेच आलं.

सातवा डाव, त्यांची शेवटची पाळी. दोन बाद. एक मुलगा चार वाकडे चेंडू मिळाल्यामुळे पहिल्या कोपऱ्यावर उभा. आणखी एक बाद केला की कप. सगळं मैदान चिडीचूप. इराने टोपी काढली, घाम पुसला, आणि प्रेक्षकांकडे एकदा नजर टाकली. कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं. मला ते सहन झालं नाही. मी उभी राहिले, मांडीवरची वही खाली पडली, आणि शाळेच्या पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा त्या आवाजात मी इंग्रजीत ओरडले,

“इरा, सात डावांत तुला एकानेही हिट मारलेला नाही. एकानेही नाही. मी लिहून ठेवलंय. यू आर द बेस्ट.”

पुढच्या रांगेतल्या बाया वळून माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी देवळात चपला घालून शिरले होते. कॉलिनने टोपी डोळ्यांवर ओढली. इरा मात्र माझ्याकडे बघतच राहिली होती, तोंड थोडं उघडं. मग तिने टोपी घातली आणि चेंडू टाकला.

बॅटचा आवाज वेगळा आला. चेंडू वर गेला, खूप वर, उन्हात दिसेनासा झाला, आणि कुंपणापलीकडे कापराच्या झाडात पानं हलली. कोपऱ्यावरचा मुलगा घरी आला आणि त्याच्यामागे मारणारा. दोन रन. आमच्या शेवटच्या पाळीत काही झालं नाही. हरलो, दोन विरुद्ध एक.

मी खुर्चीत बसून राहिले. कॉलिनने सावकाश टोपी वर केली आणि मला समजावलं. पिचरने एकही हिट दिला नसेल तर सामना संपेपर्यंत त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तिच्याशी बोलतही नाहीत, जवळ बसतही नाहीत. बोललं की बिघडतं. “जुनी समजूत आहे, सू. तुला ठाऊक असायचं कारण नाही.”

मला ठाऊक नव्हतं? अरे, मी जन्मभर तेच करत आले. बत्तीस वर्षं हजारो मुलांचं कौतुक गिळून बसले, पोटच्या पोराचं गिळलं, आणि आयुष्यात एकदा ते तोंडाबाहेर काढलं तर नेमकं अशा जागी, जिथे हजारो मैलांवरची परकी माणसंसुद्धा माझ्या आईचाच नियम पाळत बसली होती. मी कॉलिनला दृष्ट म्हणजे काय ते सांगितलं. मीठ-मोहरी कशी ओवाळायची तेही सांगितलं. तो ऐकता ऐकता हसायला लागला, मग त्याचे डोळे पाणावले, मग माझेही.

“ती चौदा वर्षांची आहे, सू,” तो म्हणाला. “तिच्या हातात असे अजून कितीतरी सामने आहेत. पुढच्या वर्षी…” आणि तो थांबला, कारण त्याच्या वहीतली कोरी पहिली ओळ त्याला आठवली असणार.

इरा सामान भरून येत होती. मी उठून पुढे गेले. “इरा, माझं चुकलं गं. मला माहीत नव्हतं.”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “आय वॉज काउंटिंग टू.”

“रागावलीस?”

“थोडी.” तिने बॅग खाली ठेवली. “आजी, तू ते मीन केलंस? की मला बरं वाटावं म्हणून?”

“मी गणिताची बाई आहे. शून्य हिट म्हणजे शून्य हिट. त्यात बरं वाटण्याचा काय संबंध?” एकदा तोंड उघडलंच होतं. “पहिल्या शनिवारीसुद्धा मला हेच वाटत होतं. भीतीने ॲव्हरेज म्हणाले. तुला काही होऊ नये म्हणून.”

तिने हात पुढे केला. “पेन दे.”

माझ्या पर्समध्ये लाल पेन असतं, निवृत्त झाले तरी असतं. ते घेऊन ती कॉलिनकडे गेली, त्याच्या खुर्चीखालची ती ‘पुढचं वर्ष’ लिहिलेली वही काढली, गुडघ्यावर ठेवून काहीतरी लिहिलं आणि वही मिटून टोबीच्या मागे पळाली. टोबीने तिची टोपी उलटी केली.

कॉलिनने वही उघडली आणि माझ्यापुढे धरली. एक नंबरच्या ओळीत लाल अक्षरात ‘इरा’ लिहिलं होतं. खाली, अगदी बारीक, इंग्रजीत: ‘शेवटच्या डावात आजीने बोलायचं नाही.’

पेन ती वहीतच विसरली होती. मी ते उचललं आणि तिच्या नावापुढे, बाळबोध वळणात, बत्तीस वर्षांत कधी न लिहिलेला शब्द लिहिला: उत्तम.

“हे काय लिहिलंस?” कॉलिनने विचारलं.

“शेरा,” म्हटलं. “मागचा राहिला होता.”